उड्या मारणारा कर्सर आणि लॉजिटेकचा साधा तारवाला माऊस

लॉजिटेक बी१०० हा माऊस कोणी हौसेने घेत नाही. कचेऱ्या, पतसंस्थांचे काउंटर, शाळांच्या संगणक-खोल्या अशा ठिकाणी तो ठोकाने येतो आणि झिजेपर्यंत वापरला जातो. काळा, दोन बटणं आणि मध्ये चाक, १.८ मीटर तार, ८०० डीपीआय (म्हणजे एक इंच सरकला की ८०० टप्पे). बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, रंगीत दिवे नाहीत. तरीही लॅपटॉपचा कर्सर स्वतःच्या मर्जीने फिरू लागला की पहिली खरेदी याचीच करावी, असं आमचं ठाम मत आहे. उपाय म्हणून नव्हे, दोष नेमका कुठे बसलाय ते पकडायला. टचपॅड बदलायला जेवढे पैसे जातात त्याच्या छोट्याशा हिश्श्यात हे काम होतं.

म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात लॅपटॉप काउंटरवर ठेवून "कर्सर उडतो" एवढंच सांगितलं, तर पलीकडून बहुधा दोनपैकी एक उत्तर येतं: "विंडोज मारून देतो" नाहीतर "टचपॅड गेलाय". कधी ते बरोबरही असतं. पण तपासणीआधी दिलेलं उत्तर म्हणजे अंदाजच, आणि अंदाजाचं बिल आपल्या नावावर फाटतं.

आधी तक्रार नीट ओळखावी, कारण "कर्सर उडतो" या दोन शब्दांत चार वेगळी दुखणी दडलेली असतात. टाइप करता करता कर्सर वरच्या ओळीत जाऊन बसतो आणि पुढची अक्षरं तिकडेच उमटतात, ही पहिली. बोट टचपॅडवर असताना कर्सर थरथरतो, दोन बोटांनी पान सरकवायला गेलं तर ते मोठं-लहान होतं, ही दुसरी. हात लावलेला नसताना कर्सर एका कडेकडे घसरत जातो, ही तिसरी. क्षणभर गोठतो आणि मग भलतीकडेच उगवतो, ही चौथी. पहिलीत बहुतेक वेळा टाइप करताना टचपॅडला टेकणाऱ्या तळहाताचा दोष असतो, दुसरीत विजेचा, तिसरीत एखाद्या सुट्या भागाचा आणि चौथीत दम लागलेल्या मशीनचा किंवा वायरलेस माऊसच्या रिसीव्हरचा.

आता माऊस लावायचा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग टचपॅड. तिथे वरचा टचपॅडचा खटका उघडला की खाली "लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माऊस इज कनेक्टेड" अशी चौकट दिसते. तिची खूण काढा. आता बी१०० ची पिन घातली की टचपॅड बंद, उपसली की चालू. तपासायला याहून सोपा स्विच नाही. माऊस लावून अर्धा तास नेहमीचं काम करा. कर्सर शहाण्यासारखा वागला तर दोष टचपॅडच्या बाजूचा. तरीही उडत असेल तर टचपॅड निर्दोष आहे, आणि तो बदलायचा विषय तिथेच संपतो.

माऊस लावूनही उडतो तेव्हा तीन संशयित उरतात. पहिला म्हणजे दुसराच माऊस. जुन्या वायरलेस माऊसचा रिसीव्हर पोर्टात तसाच राहिलेला असतो आणि माऊस बॅगेत हलत असतो. ऐकायला गंमत वाटते, पण हा प्रकार नेहमीचा आहे. दुसरा, टचस्क्रीन. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेसखाली "एचआयडी-कंप्लायंट टच स्क्रीन" सापडेल. त्यावर उजवी क्लिक करून ते डिसेबल करा आणि फरक पडतो का ते पाहा. तिसरा, मशीनचा दम. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. कर्सर गोठतो त्याच क्षणी सीपीयू किंवा डिस्क शंभर टक्क्यांना टेकत असेल, तर अशा वेळी खरोखरच विंडोजकडे बघायचं. थिंकपॅडवाल्यांनी कळफलकाच्या मधली लाल टोपी, म्हणजे बोटाने रेटून कर्सर हलवायची काडी, विसरू नये. तिच्यावर बोट रेंगाळलं की तिचा शून्यबिंदू हलतो आणि बोट काढल्यावर कर्सर घसरत राहतो. काही सेकंद हात लावू नका, ती स्वतःच ताळ्यावर येते.

टाइप करताना उडणाऱ्या कर्सरला पैसे खर्चायची गरज नसते. त्याच टचपॅडच्या पानावर "टचपॅड सेन्सिटिव्हिटी" आहे; ती "लो"वर आणा. तेवढ्याने भागलं नाही तर "टॅप विथ अ सिंगल फिंगर टू सिंगल-क्लिक"ची खूण काढा आणि क्लिक दाबूनच करा.

दुसऱ्या दुखण्यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण गोव्यात ते दिसतं खूप आणि ओळखलं जातं कमी. टचपॅडच्या पृष्ठभागाखाली बारीक वाहकांची जाळी असते. बोट टेकलं की तिथली विद्युतधारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, पिकोफॅरडच्या (अतिसूक्ष्म मापाच्या) घरात बदलते आणि एवढ्याशा बदलावरून बोट कुठे आहे हे ठरतं. चार्जरच्या आत भिंतीतल्या विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांना जोडणारा एक छोटा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा सुटा भाग, असतो. अर्थिंग धड असेल तर त्यातून झिरपणारा विजेचा गोंगाट, म्हणजे नको असलेली थरथर, जमिनीत जातो. नसेल तर लॅपटॉपचं अख्खं अंग त्या गोंगाटावर तरंगत राहतं आणि टचपॅड त्यालाच बोटाची हालचाल समजतो. खूण सोपी आहे: चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवा. गुळगुळीत पत्रा खरखरीत लागला, किंवा बारीक झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग पोचत नाही असं समजा. मग चार्जर काढून दहा मिनिटं बॅटरीवर चालवा. थरथर थांबली तर निदान झालं.

चिऱ्याच्या जुन्या घरांत वायरिंग पुष्कळदा नंतर, तुकड्यातुकड्याने ओढलेलं असतं. सॉकेट तीन भोकांचं दिसतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. तार असली तरी एप्रिल-मेमध्ये जांभ्याची जमीन ठणठणीत सुकते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं असतं. वायरमनला बोलावून मल्टीमीटर लावून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाददुसरा व्होल्ट असा आकडा यायला हवा. फेज-अर्थचा आकडा बराच खाली असेल तर टचपॅडला बोल लावू नका. आणि हे काम स्वतः करू नका.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. लाईट गेली की घर इन्व्हर्टरवर जातं, आणि इन्व्हर्टर स्वस्तातला स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारा, असला की चार्जरच्या गोंगाटात वाढ होते. लाईट आल्यावर कर्सर आपोआप सुधारत असेल तर कारण तेच. दोन पिनांचा बदली चार्जर घेतला असेल तर त्याच्यावरही संशय घ्या. आतली गाळणी कमी दर्जाची असली की हाच त्रास होतो. या सगळ्यात बी१०० उपयोगी पडतो, कारण त्याच्या सेन्सरला बोटाच्या विद्युतधारितेशी घेणंदेणं नाही. तो प्रकाशावर चालतो. वीज खात्याचा माणूस येईपर्यंत काम अडत नाही.

हात न लावता कर्सर घसरतो, चार्जर काढला तरी घसरतो आणि माऊस लावून टचपॅड बंद केला की थांबतो, असं झालं तर दुकानाची पायरी चढायची. पण "टचपॅड बदला" असं म्हणू नका. टचपॅडपासून मदरबोर्डपर्यंत एक चपटी रिबन जाते, तिची टोकं बारीक खटक्याच्या सॉकेटमध्ये अडकवलेली असतात. समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत ती टोकं काळवंडतात. आधी कोणी लॅपटॉप उघडला असेल तर खटका अर्धवट बसलेला असतो. आधी बॅटरीची जोडणी काढून, रिबन सोडवून, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून परत बसवायला सांगा. फरक पडला नाही तरच नवा टचपॅड. जुना सुटा भाग परत मागून घ्या.

एक गोष्ट मात्र माऊसमुळे उलट झाकली जाते, आणि ती धोक्याची आहे. पुष्कळ लॅपटॉपमध्ये बॅटरी तळहाताच्या पट्टीखाली, टचपॅडला लागून असते. बॅटरी फुगली की ती टचपॅडला खालून रेटते. मग क्लिक घट्ट होते किंवा आपोआप बसते, कर्सर उडतो, आणि माणूस वैतागून माऊस लावून मोकळा होतो. म्हणून माऊस लावण्याआधी लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. चार कोपरे आळीपाळीने दाबले की डुलतो का, टचपॅडची एक कड वर आलीय का, खालच्या झाकणाला फट पडलीय का, हे बघा. यातलं काहीही दिसलं तर चार्जर लावू नका, दाबून सरळ करायला जाऊ नका, टोचणं तर दूरच. तसाच बंद लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला द्या. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

आता माऊसच्या स्वतःच्या खोडी. ८०० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की ८०० टप्पे. विंडोजचा वेग मधल्या खुणेवर ठेवला आणि "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" बंद केलं, तर १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा ओलांडायला २.४ इंच, म्हणजे सहा सेंटीमीटर हात हलवावा लागतो. ते ठीक आहे. ३८४० पिक्सेलच्या पडद्यावर हेच अंतर बारा सेंटीमीटर होतं, आणि मग मनगट कुरकुरतं. फोटो-व्हिडिओचं काम करणाऱ्यांनी दुसरं काही पाहावं. "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" चालू असलं की हात जोरात हलवल्यावर कर्सर जास्तच लांब जातो. तपासणीच्या वेळी ते बंदच हवं, नाहीतर नसलेला दोष दिसेल. विंडोज-आर दाबून मेन डॉट सीपीएल टाइप केलं की पॉइंटर ऑप्शन्समध्ये ती खूण मिळते.

सेन्सर पृष्ठभागाची बारीक छायाचित्रं घेत चालतो, त्यामुळे काचेवर त्याला धरायला काही सापडत नाही. हणजुण-मोरजीकडच्या कॅफेतलं काचेचं टेबल, घरातला आरशासारखा घासलेला ग्रॅनाइटचा ओटा, चकचकीत टाइल या सगळ्यांवर हा माऊस अडखळतो. खाली कोरा कागद घातला तरी भागतं. कापडी पॅडला पावसात बुरशी येते, प्लास्टिकचं घेतलेलं बरं. एका जागी असताना कर्सर थरथरत असेल तर माऊस उलटा करून भिंगाच्या खाचेत बघा. मांजराचा एक केस तेवढं करायला पुरेसा असतो. फुंकर मारा, नाहीतर कानकोरण्याचा कापूस हलकेच फिरवा. झिजणारा भाग म्हणजे तार, आणि तीही माऊसमधून बाहेर पडते तिथे. लॅपटॉपच्या बॅगेत तार माऊसभोवती करकचून गुंडाळायची सवय असेल तर तिथे ती आतून तुटते. कर्सर मध्येच मरतो आणि तार हलवली की जिवंत होतो. सैल गुंडाळी करावी.

वायरलेस का नको, असं विचारणारे पुष्कळ. रोजच्या वापराला खुशाल घ्या, निदानाला नको. यूएसबी ३ चे पोर्ट आणि तारा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात, आणि छोटे रिसीव्हर नेमके त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. बाहेरची हार्ड डिस्क शेजारच्या पोर्टात लागली की कर्सर अडखळायला लागतो. म्हणजे एक दुखणं शोधताना दुसरं घरात आणलं. वायरलेसच वापरायचा असेल तर रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शन तारेने डिस्कपासून दूर न्या किंवा विरुद्ध बाजूच्या पोर्टात लावा.

नव्या पातळ लॅपटॉपना फक्त टाइप-सी पोर्ट असतं. बी१०० ची पिन जुन्या चपट्या यूएसबीची, तेव्हा मध्ये जोडणीचा तुकडा लागेल. तो घट्ट बसतो का ते दुकानातच घालून-काढून बघा. सैल तुकड्यामुळे माऊस तुटत-जुळत राहतो, आणि मग परत तीच तक्रार घेऊन काउंटरवर जावं लागतं.