फॉकनर वाचायचाय, पण सुरुवात कुठून?

अमेरिकी कादंबरीकार विल्यम फॉकनर म्हटलं की पहिलं नाव निघतं ते ‘द साउंड अँड द फ्युरी’चं (१९२९). कादंबरी थोर आहे यात वाद नाही, पण सुरुवातीला ती घेऊ नका. तिचा पहिला भाग बेंजी सांगतो. वय तेहतीस, समज लहान मुलाची, काळाचं भान शून्य. कुंपणातून जाताना कपडा खिळ्याला अडकतो आणि पुढच्याच ओळीत तो लहानपणात पोचलेला असतो. त्यात क्वेंटिन नावाची माणसं दोन, एक मामा आणि एक भाची. काळ बदलला की शाईचा रंगही बदलावा, अशी खुद्द फॉकनरचीच इच्छा होती. तेव्हाच्या छपाईत ते जमलं नाही.

खरी निवड ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ (१९३०) आणि ‘लाइट इन ऑगस्ट’ (१९३२) यांच्यात आहे. दोन्ही घडतात मिसिसिपीतल्या योक्नापटॉफा या त्याने कल्पिलेल्या परगण्यात. अवघड दोन्ही आहेत, पण अवघडपणाची जात वेगळी.

‘अ‍ॅज आय ले डाइंग’ लहान आहे. विद्यापीठाच्या वीजघरात रात्रपाळी करताना फॉकनरने ती सहा-सात आठवड्यांत लिहिली. गोष्ट एका ओळीची: अ‍ॅडी बंड्रेन मरते आणि तिच्या इच्छेप्रमाणे घरचे तिला जेफरसन या गावी पुरायला निघतात. वाटेत नदीला पूर, पूल गेलेला, वर उन्हाळा. बोलणारे पंधरा, प्रकरणं एकोणसाठ. त्यातलं एक तर एकाच वाक्याचं. पण प्रत्येक प्रकरणावर बोलणाऱ्याचं नाव असतं आणि प्रवास बहुतांशी पुढेच सरकतो, त्यामुळे हरवलात तरी गाडी कुठे चाललीय ते ठाऊक असतं. शिवाय ही कादंबरी भयंकर विनोदी आहे. बाप अ‍ॅन्स याला बायकोला पुरण्याइतकीच नव्या दातांची ओढ आहे! अडचण एकच, खेडवळ बोलीतलं इंग्रजी. पहिली काही पानं मोठ्याने वाचली की कान बसतो.

‘लाइट इन ऑगस्ट’ची वाक्यं त्यामानाने सरळ, निवेदक बराचसा नेहमीचा. पोटुशी लीना ग्रोव्ह पोराच्या बापाला शोधत अलाबामाहून निघालेली. तो रस्ता वाचताना वाटतं, हे तर सोपं आहे. मग जो क्रिसमस येतो. आपल्यात काळं रक्त आहे की नाही हेच त्याला ठाऊक नाही. सहाव्या प्रकरणात कथा त्याच्या बालपणात शिरते आणि लवकर परतत नाही. इथे त्रास होतो तो हिंसेचा, काळ्या माणसांसाठी सर्रास येणाऱ्या हिणकस शब्दांचा आणि जाडीचा. वंशभेदाचा फॉकनर हवा असेल आणि महिनाभर सवड असेल, तर हीच घ्या. नाहीतर माझं मत बंड्रेन कुटुंबाकडे.

एवढाही भरवसा नसेल, तर ‘अ रोझ फॉर एमिली’ ही कथा आहे. अर्ध्या तासात होते. काळ मागेपुढे करण्याची त्याची सवय त्यात पुरेशी दिसते.

‘अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!’ (१९३६) मात्र ‘द साउंड अँड द फ्युरी’नंतरच. त्या मामाला, क्वेंटिनला, ओळखत असाल तर ती दुप्पट कळते. शेवटी सनावळी, पात्रांची यादी आणि परगण्याचा नकाशा जोडलेला आहे. तिथे खूण घालून ठेवा. पान-पानभर चालणाऱ्या वाक्यांत तिन्हींची गरज पडते.