टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन, चौदा महिन्यांनंतर: सगळं विसाव्या दिवसाबद्दल

मागच्या वर्षी गणपती बसायच्या आदल्या दिवशी मी आईवर ओरडलो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कानानं कमी ऐकू येतं. "गूळ आणलास का रे?" हे तिनं तिसऱ्यांदा विचारलं आणि मी हातातला स्टीलचा डबा ओट्यावर आपटला. झाकण घरंगळत देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबलं. आई काही बोलली नाही. वाकून झाकण उचललं, पदरानं पुसलं आणि डब्याशेजारी ठेवलं. सेहेचाळीस वर्षांत मी तिच्याशी चढ्या आवाजात बोललो नव्हतो. मी चप्पल घालून बाहेर पडलो आणि इंदूरच्या रामबागेतून राजवाड्यापर्यंत चालत गेलो, तरी छातीतली धडधड थांबेना. तो इंजेक्शनपासूनचा विसावा दिवस होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ज्यांना हे औषध चालू आहे त्यांना मूळ माहिती असेलच, म्हणून माझं थोडक्यात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर गाठ होती, नाकातून ऑपरेशन करून काढली. त्यानंतर थायरॉइड आणि कॉर्टिसोल ही हार्मोन्स आधी सावरली. मग सकाळी उपाशीपोटी दोनदा टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासलं: 112 आणि 126 (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर). साधारण 300 च्या खाली कमी धरतात. वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं पिट्युटरीचं हार्मोन, एलएच, तेसुद्धा तळाला, म्हणजे मेंदूकडून निरोपच जात नव्हता. मे महिन्यात टेस्टोस्टेरॉन एनँथेट सुरू झालं, 250 मिलिग्रॅम, कुल्ल्यात, दर 21 दिवसांनी. औषध तेलात असतं. कंपाउंडर अँप्यूल तळहातात धरून कोमट करतो, जाड सुईनं ओढतो आणि हळूहळू सोडतो. घाई केली तर दोन दिवस बसताना गाठ जाणवते.

आधीची अवस्था सांगायला हवी, नाहीतर सुधारणा कळणार नाही. मी दुःखी नव्हतो. दुःख वाटलं असतं तर बरं, असं वाटण्याइतकंही मन हलत नव्हतं. मुलीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला, ती धावत सांगायला आली आणि मी "बरं झालं" म्हणून पेपर वाचत राहिलो. तिचा चेहरा अजून आठवतो. सराफ्यातल्या खाऊगल्लीत सगळ्यांबरोबर जायचो आणि भुट्ट्याचा कीस समोर गार होत असे. मला चव कळत होती, खावंसं वाटत नव्हतं.

पहिल्या इंजेक्शनच्या संध्याकाळीच मला तरतरी वाटली आणि मी घरी तसं सांगितलंही. ते आता मागे घेतो. औषध रक्तात चढायला एक-दोन दिवस लागतात, त्या संध्याकाळी जे वाटलं ती माझी आशा होती. 1889 साली ब्राऊन-सेकार नावाच्या 72 वर्षांच्या शास्त्रज्ञानं कुत्रा आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झाल्यासारखे वाटतो असं पॅरिसमध्ये जाहीर केलं. त्या पद्धतीनं काढलेल्या अर्कात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नसतंच, हे पुढे तपासून सिद्ध झालं. खरं टेस्टोस्टेरॉन हाती लागलं ते 1935 साली. तेव्हा पहिल्या संध्याकाळच्या तरतरीवर कुणी मत बनवू नये.

खरा फरक दुसऱ्या इंजेक्शननंतर पाचव्या-सहाव्या दिवशी कळला. सकाळी दाढी करत होतो. खाली कचरागाडी आली, तिचं ते रोजचं गाणं सुरू झालं आणि मी त्यावर ताल धरला होता. बायको दारात ओल्या-सुक्याच्या बादल्या घेऊन उभी राहून माझ्याकडे बघत होती. त्या महिन्यात मुलीला मी आपणहून विचारलं, "तुझ्या त्या प्रोजेक्टचं काय झालं?" ती तासभर सांगत बसली आणि मी तासभर ऐकलं. एवढ्यासाठी मी हे औषध आयुष्यभर घ्यायला तयार आहे.

आणि तेच गाणं दोन आठवड्यांनी ऐकून मी खिडकी आपटून बंद केली.

थोरला भाऊ म्हणाला, "ताकदीची इंजेक्शनं घेतोस, डोकं फिरणारच." मलाही तेच पटलं. पुरुषी हार्मोन म्हणजे राग, हे आपण सगळेच धरून चालतो. डब्याच्या प्रसंगानंतर मी बायकोला म्हणालो, हे इंजेक्शन आता बंद. ती शांतपणे म्हणाली, "अहो, सुई झाल्यावर नाही, सुई जवळ आली की तुम्ही असे होता." आणि तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यात ती दुधाचा हिशेब, गॅसच्या टाकीची तारीख आणि माझी सुई लिहिते. ज्या दिवशी मी घरात कुणाला लागेल असं बोललो, त्या चौकोनात तिनं पेन्सिलीनं बारीक ठिपका दिला होता. मे ते सप्टेंबर मिळून सात ठिपके. सहा ठिपके सुईच्या आधीच्या तीन-चार दिवसांतले. चार महिने ती हे कुणाला न सांगता करत होती.

ते कॅलेंडर घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चौथ्या दिवशी आणि विसाव्या दिवशी रक्त तपासायला सांगितलं. चौथ्या दिवशी 1080, विसाव्या दिवशी 190. दोन-तीन दिवसांत पातळी वर चढते आणि तिसऱ्या आठवड्यात गरजेच्या खाली येते, हा या इंजेक्शनचा स्वभावच आहे. म्हणजे दर तीन आठवड्यांनी मी ऑपरेशननंतरच्या त्या माणसाकडे परत जात होतो, तेही उंचीवरून. सुरू करताना ही एक गोष्ट मला कुणी सांगितली नाही. रिपोर्टमध्ये "सरासरी ठीक" लिहून येत होतं. घरचे लोक सरासरीबरोबर राहत नाहीत.

विसावा दिवस कसा असतो ते लिहून ठेवतो, कारण डॉक्टरांपुढे मला नीट सांगता येत नव्हतं. तो राग नसतो. अंगावरची साल काढल्यासारखं होतं. मिक्सरचा आवाज दातांत जातो. एकच ओळ चारदा वाचावी लागते. दुपारी मानेपासून कानापर्यंत उष्णता चढते, रात्री उशी ओली होते. एकदा स्कूटर सुरू होईना म्हणून मी पार्किंगमध्ये रडलो. चाळिशी उलटलेल्या बायका पाळी जाताना जे सांगतात त्याच्याशी हे किती जुळतं, हे मला बहिणीशी बोलताना कळलं. तिनं ते पाच वर्षं सोसलं आणि आम्ही घरात "हिचा स्वभाव बदलला" म्हणत होतो. त्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे.

अशात दवाखान्याचा हट्ट. एकविसाव्या दिवशी गेलो तर कंपाउंडर नाही, "भैया, परसों आना." परवा गेलो तर डॉक्टरांची चिठ्ठी जुनी झाली म्हणे. चोविसाव्या दिवशी सुई मिळाली. काउंटरवर मी भांडलो, आणि ते भांडण मला आजही योग्यच वाटतं. इन्सुलिन घेणाऱ्याला कुणी परवा ये म्हणत नाही. त्यानंतर दवाखाना बदलला.

राग आणि टेस्टोस्टेरॉनबद्दल माझं मत इथे पार बदललं, म्हणून थोडं वाचलेलं सांगतो. अमेरिकेत 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम, म्हणजे माझ्या डोसच्या सातपट, 10 आठवडे दिलं. मनःस्थितीत आणि वागण्यात फरक आढळला नाही. 2000 साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात तेवढ्याच डोसपर्यंत नेल्यावर बहुतेकांना फारसं काही झालं नाही, पण मोजक्या काहींना उन्मादासारखी लक्षणं आली. म्हणजे धोका नाहीच असं नाही, कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. 2010 मधला एक प्रयोग मला फार लागला. बायकांना टेस्टोस्टेरॉनचा एक डोस देऊन पैसे वाटून घ्यायचा खेळ खेळवला. ज्यांना ते खरंच दिलं होतं त्यांनी जास्त न्याय्य वाटणी केली. ज्यांना आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळालंय असं नुसतं वाटलं, त्या जास्त अन्यायानं वागल्या. माझ्या भावाचं ते वाक्य मी पाच महिने डोक्यात घेऊन फिरत होतो, त्यानं किती नुकसान केलं असेल कोण जाणे.

पण सातवा ठिपका उरतो. तो सुईनंतरच्या सहाव्या दिवशीचा आहे, पातळी उत्तम असतानाचा. भाडेकरूवर मी खालच्या शब्दांत ओरडलो होतो. तो ठिपका माझा आहे, औषधाचा नाही. त्याच्याकडे जाऊन बोललो.

स्मरणशक्तीची आशा ठेवली होती, ती फोल ठरली. माणसांची नावं अजून विसरतो. 65 वर्षांवरच्या पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचं कातडीवर लावायचं जेल देऊन केलेल्या मोठ्या अमेरिकी चाचण्यांतही मनःस्थिती थोडी सुधारली, स्मरणशक्ती नाही. "मेंदू तल्लख होतो" म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबर जेल लावलं. मनासाठी याहून चांगलं मी काही अनुभवलं नाही. दोन महिन्यांत एक ठिपका नाही, चढ नाही, उतार नाही. तरी सोडलं, दोन कारणांनी. एक, खर्च. महिन्याचा हिशेब इंजेक्शनच्या कितीतरी पट, आणि हे काही वर्षभराचं काम नाही, जन्माचं आहे. दवा बाजारात चार दुकानं फिरूनही फारसा फरक पडला नाही. दुसरं कारण माझा भाचा, चार वर्षांचा. तो दिवाळीत आला आणि सवयीनं खांद्यावर चढला. जेल लावलेली कातडी लहान मुलाच्या किंवा बाईच्या अंगाला घासली तर औषध त्यांच्यात जातं. मी त्याला खाली उतरवलं, तो रुसून आजीकडे गेला. लावा, वाळू द्या, हात धुवा, शर्ट घाला, हे सगळं करूनही मनातली धास्ती गेली नाही.

डिसेंबरपासून डॉक्टरांनी 100 मिलिग्रॅम दर दहा दिवसांनी केलं. औषध तेच, एकूण मात्रा जवळपास तेवढीच. 250 ची अँप्यूल फोडून अर्ध्याहून जास्त टाकणं माझ्या जिवावर आलं असतं, म्हणून दवा बाजारात 100 ची शोधून ठेवतो, दोन जास्तीच्या घरात असतात. सुया दुप्पट टोचून घ्याव्या लागतात. नवव्या दिवशीची पातळी आता 380 येते. नवव्या दिवशी मी थोडा गप्प असतो, इतकंच.

रक्ताची तपासणी मात्र टाळू नका. माझं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, 41 टक्क्यांवरून 52 वर गेलं होतं, 54 ओलांडलं तर औषध थांबवतात. लहान डोसवर ते 48 ला आलंय. प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणीसुद्धा बघतात. आणि जिममधल्या पोरांनो, बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर शुक्राणू बनवणं बंद करत जातं. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना तसं सांगा. मला कॉलेजात जाणारी मुलगी आहे, मला चालतं.

आता डॉक्टर टेस्टोस्टेरॉनचंच जास्त काळ टिकणारं इंजेक्शन, अनडेकॅनोएट, सुचवतात, 1000 मिलिग्रॅम एकदम, सुरुवातीचे डोस झाले की दर 10 ते 14 आठवड्यांनी. वर्षाला चार-पाच सुया, दवाखान्याच्या खेपा वाचतील. पण नाही मानवलं तर तीन महिने परत काढून घेता येत नाही, आणि पैसेही एकरकमी जातात. ज्यांनी वर्षभर घेतलंय त्यांनी एवढंच सांगा: शेवटचे दोन आठवडे घरात कसे जातात? तुम्हाला विचारत नाही, घरच्यांना विचारून सांगा.