पणजीत पाहुणे आले की: कॅसिनो की फोंताइन्यश?

पुण्या-मुंबईचे मित्र पणजीत उतरले की पहिला प्रश्न कॅसिनोचाच. मांडवीत नांगरलेली ती झगमगती जहाजं दिसतात ना! जेटीवरून छोटी बोट नेते, तिकिटातच बहुतेक ठिकाणी जेवण, दारू आणि नाचगाणी येतात. एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. एक गंमत मात्र पाहुण्यांना ठाऊक नसते. फेब्रुवारी 2020 पासून गोंयकाराला जुगाराच्या टेबलापाशी जायला बंदी आहे. म्हणजे यजमान जेटीवर टाटा करणार आणि पाहुणे पहाटे डोळे चोळत परतणार. दोन शून्यांच्या रूलेटवर, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर, शंभर रुपये लावले तर सरासरी सव्वापाच रुपये कॅसिनोचे, हे आधीच सांगून ठेवावं. ऐकत कोणी नाही.

फोंताइन्यशला, म्हणजे पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत, मी सोबत जाऊ शकतो, माझ्या दृष्टीने फरक तिथेच पडतो. सकाळी उन्हं चढायच्या आत निघायचं. पिवळ्या-निळ्या भिंती, लाल कौलं, सेंट सेबॅस्टियनचं 1818 चं कपेल, म्हणजे छोटं चर्च. आतला क्रूस इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला. घरांपुढे फोटोसाठी ठाण मांडू नये, तिथे माणसं राहतात! मग रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर. चालत चढणाऱ्याला भाडं नाही.

एकच रात्र असेल आणि पाहुण्यांना पत्ते सुटत नसतील तर जहाज ठीक. पोरंबाळं किंवा आईवडील बरोबर असतील तर विचारूच नका, फोंताइन्यश.