सत्तर सालच्या शेव्हीचं छत : पट्ट्या बसवून नऊ महिने झाले

माझ्या 1970 च्या शेव्हरोले सी-10 पिकअपला गेल्या डिसेंबरात आतून नवं हेडलायनर (छताचं आतलं अस्तर) आणि ते कडांना धरून ठेवणाऱ्या चारही पट्ट्या बसवल्या. गाडी इथे डॅलसजवळ उघड्यावर उभी असते. या नऊ महिन्यांत तिने गोठवणारी थंडी पाहिली, एप्रिलमधल्या गारा झेलल्या आणि ऑगस्टचं ऊनही खाल्लं. बसवल्यावर आठवड्याभरात कुठलंही छत छानच दिसतं, म्हणून इतके दिवस लिहायचं थांबलो होतो.

आधीचं छत जाड पुठ्ठ्याचं होतं. ओल पिऊन फुगलेलं, मागच्या काचेजवळ पोट सुटल्यासारखं लोंबलेलं, त्यावर चहाच्या रंगाचे डाग. पट्ट्या गंजून स्क्रूच्या भोकांपाशी तुटल्या होत्या. ते सगळं उतरवल्यावर कळलं की खरं दुखणं दारावरच्या पन्हळीत आहे. 1967 ते 72 च्या या गाड्या तिथे हमखास गंजतात. सांध्यातलं जुनं सीलर तडकतं आणि पाणी आत झिरपतं. गंज खरवडला, प्रायमर मारला, नवं सीलर भरलं आणि बागेचा पाइप अर्धा तास छतावर सोडून आत टॉर्च घेऊन बसलो. एक थेंबही आला नाही, तेव्हाच पुढचं सामान मागवलं. हा टप्पा गाळून कोणी हेडलायनर घेणार असेल तर कळकळीने सांगतो, पैसे पाण्यात जातील.

नवं हेडलायनर म्हणजे एबीएस या कडक प्लास्टिकचं, साच्यात घडवलेलं पॅनेल. पट्ट्या लोखंडी, क्रोम केलेल्या. दोन्ही मिळून साडेतीनशे डॉलरच्या आसपास खर्च आला. पॅनेलच्या वर, छताच्या पत्र्याला आतून ब्यूटिलचे म्हणजे आवाज दाबणाऱ्या चिकट रबराचे पत्रे चिकटवले. डांबराचे स्वस्त पत्रे छताला लावू नका, उन्हात ते मऊ पडतात आणि वास सोडतात. त्याखाली बंद छिद्रांचा फोम, सहा मिलिमीटरचा. मी आधी दहाचा आणला होता. त्याने पॅनेल इतकं खाली ढकललं की पट्टीचं भोक आणि पत्र्याचं भोक जुळेचनात. जाड फोम म्हणजे जास्त गारवा हे गणित इथे चालत नाही, पट्टीला जागा उरली पाहिजे.

पॅनेल दारातून सरळ जात नाही. सीट काढावी लागते आणि पॅनेल कमानीसारखं वाकवून आत घ्यावं लागतं. पहिलं पॅनेल मी भर थंडीत, गॅरेजमधून उचलून तसंच वाकवलं आणि कोपरा काडकन तडकला. गारठ्यात एबीएस ठिसूळ होतं, हे मला माहीत असायला हवं होतं. दुसरं पॅनेल रात्रभर घरात, हीटरच्या खोलीत ठेवलं आणि दुपारी बाहेर काढल्या काढल्या आत सरकवलं. केळीच्या पानासारखं वाकलं. हीट गन वापरायचा मोह झाला तर आवरा. या गाड्यांची पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे असते. तिथे पेट्रोलची वाफ साचली असेल तर हीट गन जिवावर बेतेल.

बसवायला दोघं हवीतच. हिने दोन्ही तळहातांनी पॅनेल वर धरलं आणि मी दिव्याचं, आरशाचं, सन व्हायझरचं भोक टोच्याने चाचपडत शोधलं. मग आधी मागची पट्टी, नंतर दोन्ही बाजूंच्या, शेवटी पुढची.

आता मुख्य मुद्दा. पट्टी पॅनेलला आवळून धरण्यासाठी असते असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. ती पॅनेलला पडू देत नाही, पण हलू देते, आणि हे हलणंच महत्त्वाचं. दीड मीटर रुंदीचं एबीएस तापमानात चाळीस अंश सेल्सियसचा फरक पडला की जवळजवळ पाच मिलिमीटरने वाढतं किंवा आखडतं. इथे थंडीतली पहाट आणि उन्हात बंद उभी असलेली केबिन यांतला फरक त्याहून मोठा असतो. पॅनेलचं भोक स्क्रूएवढंच ठेवलं तर ते वाढणार कुठे? भोकापासून तडा सुटणारच. म्हणून मी पॅनेलमधली सगळी भोकं कानशीने लांबट केली. पट्टी पॅनेलला टेकली की स्क्रूला पाव फेरा, बस. ड्रिल मशीनने स्क्रू पिळायचा नाही. हाताला जे कळतं ते मशीनला कळत नाही.

डाव्या बाजूचा एक स्क्रू मी घाईत जास्त आवळला होता. जुलैत नेमका तिथूनच केसाएवढा तडा निघाला. तड्याच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं आणि स्क्रू सैल केला. तेव्हापासून तो पुढे सरकलेला नाही, आणि पट्टीखाली झाकला जातो.

वापरात काय बदललं? पूर्वी पावसात केबिन म्हणजे पत्र्याची शेड. आता थेंबांचा आवाज दबून येतो आणि साठ मैलांच्या वेगाला शेजारच्याशी न ओरडता बोलता येतं. उन्हाळ्यात डोक्यावर जी धग जाणवायची ती बरीच कमी झाली. केबिन थंड होते असं मात्र नाही, काचांतून ऊन येतंच. क्रोम पट्ट्या दुपारी चटका देतात आणि समोरच्या पट्टीची चकाकी संध्याकाळी काचेत दिसते. आज घेतल्या असत्या तर पुढची पट्टी काळी घेतली असती. उजव्या पट्टीच्या एका भोकाशी गंजाचा ठिपकाही दिसू लागलाय. भोकाच्या कडेला क्रोम नसतो, तिथे बसवण्याआधी रंगाचं बोट फिरवायला हवं होतं.

या पट्ट्यांची खरी किंमत मला एप्रिलमध्ये कळली. गारांनी छतावर सात-आठ पोचे पाडले. गोंदाने चिकटवलेलं अस्तर असतं तर फाडावंच लागलं असतं. मी चारही पट्ट्या वीस मिनिटांत उतरवल्या, पॅनेल सीटवर टेकवलं आणि पोचे काढणाऱ्याने फोम-ब्यूटिल तेवढ्यापुरतं सोलून आतून पत्रा हळूहळू वर दाबला. दोन पोचे राहिले, छताला आतून आधार देणाऱ्या आडव्या दांड्यामागे त्याची सळई पोहोचली नाही. नंतर पट्ट्या परत त्याच भोकांत चढवल्या. एका स्क्रूचे आटे गेले होते, त्याच्या जागी नवा घातला. तसे सहा स्क्रू आता अ‍ॅशट्रेमध्ये ठेवलेत.