अल्फाफोल्ड सर्व्हर: मायटोकॉन्ड्रियातल्या लिपिडवाहक जोडीवर लावून पाहताना

अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाच्या त्रिमितीय रचनेचा अंदाज बांधणारा, मे २०२४ मध्ये सुरू झालेला अल्फाफोल्ड सर्व्हर फुकट आहे. गूगलचं खातं असलं की ब्राउझरमध्येच चालतो, पण वापर फक्त अव्यावसायिक कामासाठी. सुरुवातीला दिवसाला १० कामं टाकता यायची, पुढे ही मर्यादा वाढवली. मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या ऊर्जाकेंद्रात) लिपिड, म्हणजे मेद, इकडून तिकडे नेणाऱ्या प्रथिनांवर काम करणाऱ्यांना तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे चकवतो, एवढंच इथे पाहू.

कसोटीला यीस्टमधल्या अप्स-१ आणि एमडीएम-३५ या प्रथिनांची जोडी घ्यावी. ही जोडी मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलाकडून (मेम्ब्रेनकडून) फॉस्फॅटिडिक अ‍ॅसिड हे लिपिड उचलते आणि आतल्या पटलाला देते. तिथे त्यापासून टप्प्याटप्प्याने कार्डिओलिपिन हे दुसरं लिपिड तयार होतं. माणसात हेच काम प्रेलिड-१ आणि ट्रायॅप-१ करतात. अप्स-१ मध्ये १७५ अमिनो आम्लं आणि एमडीएम-३५ मध्ये ८६, म्हणजे एकूण २६१. सर्व्हरची मर्यादा ५,००० टोकनची (प्रथिनात एक अमिनो आम्ल म्हणजे एक टोकन), त्यामुळे आकाराची अडचण नाही. दोन्ही क्रम स्वतंत्र प्रोटीन म्हणून टाकायचे, प्रत्येकी एक प्रत. एका सीडमधून (गणनेची यादृच्छिक सुरुवात ठरवणाऱ्या आकड्यातून) पाच मॉडेल मिळतात, पण ती एकाच घरातली भावंडं असतात. तीन-चार वेगळे सीड चालवावेत आणि सीडचा आकडा लिहून ठेवावा.

निकाल आला की रंगांकडे जाण्याआधी आयपीटीएम, म्हणजे जोडणीवरच्या भरवशाचा ० ते १ मधला गुण, पाहा. ०.८ च्या वर असेल तर दोन प्रथिनं एकमेकांना कुठे धरतात यावर भरवसा ठेवता येतो, ०.६ च्या खाली असेल तर जोडणी बहुधा फसली आहे. मग पीएई नकाशात (दोन भागांच्या परस्पर जागेत किती चूक असू शकते ते दाखवणाऱ्या) कर्णाच्या बाहेरचे दोन चौकोन बघा. तिथे चूक कमी दिसायला हवी. नारिंगी भाग, म्हणजे पीएलडीडीटी (त्या त्या जागेवरचा भरवसा, १०० पैकी) ५० च्या खाली, हा बहुतेक वेळा सैल शेपटीचा असतो. त्यात एखादं हेलिक्स (मळसूत्रासारखी घडी) दिसलं तरी त्यावर काही रचू नका. अशा भागांत नसलेली घडी दाखवण्याची या मॉडेलची खोड माहितीतली आहे.

एमडीएम-३५ साठी आणखी एक तपासणी लागते. या प्रथिनात सिस्टीन, मग नऊ अमिनो आम्लं, मग पुन्हा सिस्टीन असा नमुना दोनदा येतो आणि त्यातून दोन डायसल्फाइड बंध (सिस्टीनच्या गंधकांमधले) होतात. सर्व्हरवर बंध सांगायची सोय नाही. फाइल कायमेराएक्स या रचना पाहायच्या प्रोग्राममध्ये उघडून गंधकाच्या दोन अणूंमधलं अंतर मोजा. २ अँगस्ट्रॉमच्या जरा वर असेल तर बंध जुळला आहे. ३ च्या पुढे गेलं असेल तर ते मॉडेल बाजूला ठेवा.

आता मुख्य तक्रार. या प्रथिनांचा सगळा जीव त्यांच्या खिशात आहे. वाकलेल्या बीटा पत्र्याच्या आत लिपिड बसतं. फॉस्फेटचं डोकं खिशाच्या तळाशी २५ व्या जागेवरच्या आर्जिनीनजवळ असतं आणि तेलकट शेपट्या तोंडाकडे येतात. तोंडावर एक लवचिक वेटोळं झाकणासारखं असतं. आणि सर्व्हरच्या लिगँडच्या (प्रथिनाला चिकटणाऱ्या लहान रेणूंच्या) यादीत फॉस्फॅटिडिक अ‍ॅसिडच नाही! मिरिस्टिक, पामिटिक आणि ओलिक अशी सुटी मेदाम्लं आहेत. पामिटिक टाकलं तर ते खिशात जाऊन बसेलही, पण त्याला फॉस्फेट नाही आणि शेपूट एकच. त्याचा कार्बोक्सिल गट आर्जिनीनकडे वळलेला पाहून ‘लिपिड कसं धरलं जातं ते कळलं’ असं म्हणणं चुकीचं आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, पण फारसं कोणी बोलत नाही. मॉडेलच्या प्रशिक्षणात ३० सप्टेंबर २०२१ पर्यंतच्या रचना होत्या, आणि या जोडीच्या स्फटिकरचना २०१५ मध्येच प्रसिद्ध झाल्या आहेत. म्हणजे मॉडेलने परीक्षेचा पेपर आधीच पाहिलेला आहे. इथे आलेला सुंदर आयपीटीएम पाहून दुसऱ्या, कधीच न सोडवलेल्या जोडीवर तेवढाच विश्वास टाकू नये. खिसाच पाहायचा असेल तर पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहातली ४वायटीएक्स ही नोंद उघडा, लिपिडसकट आहे. लिपिड नसलेली ४वायटीडब्ल्यू तिच्यावर कायमेराएक्समधल्या मॅचमेकरने बसवली की झाकणाच्या भागातला फरक नजरेत येतो. आधी साखळ्यांची नावं तपासा, नाहीतर अप्स-१ एमडीएम-३५ वर चढवून बसाल.

एकट्या अप्स-१ चं मॉडेल बहुधा नीट घडी पडलेलंच येईल. पेशीत मात्र एमडीएम-३५ सोबत नसेल तर वायएमई-१ हे प्रोटिएझ (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) त्याला पटकन संपवतं. टिकाऊपणाबद्दल निळा रंग, म्हणजे वरचा पीएलडीडीटी, काहीही सांगत नाही. २५ वं आर्जिनीन बदलून पाहिलं तरी घडी जवळपास तशीच दिसण्याची शक्यता जास्त, आणि वहन थांबतं का हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी चमकणारं लिपिड घातलेले लिपोसोम (लिपिडचे सूक्ष्म फुगे) आणि ती चमक मोजणारा फ्लुरोमीटरच लागतो. पटलाचा तर इथे पत्ताच नाही. लिपिड उचलणं आणि सोडणं पटलावर घडतं, आणि आतल्या पटलातल्या कार्डिओलिपिनचं प्रमाण त्यावर परिणाम करतं.

मिळालेल्या मॉडेलमध्ये डॉकिंगने (रेणू खिशात कसा बसेल ते संगणकावर शोधण्याच्या पद्धतीने) फॉस्फॅटिडिक अ‍ॅसिड बसवायचा मोह होतो. त्याआधी अटी वाचा, सर्व्हरचे निकाल डॉकिंगच्या साधनांत वापरण्यावर त्यात बंधन घातलेलं होतं. सरळ मार्ग म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला झालेला अल्फाफोल्ड ३ चा कोड आपल्या यंत्रावर चालवणं. त्यात लिगँड स्माइल्सने (रेणूची रचना अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीने) देता येतो, म्हणजे हवं ते लिपिड हव्या त्या शेपट्यांसह. मॉडेलचे वेट्स (प्रशिक्षणातून ठरलेले आकडे) अर्ज करून मागावे लागतात, तेही अव्यावसायिक वापरासाठीच. क्रमांच्या डेटाबेससाठी १ टीबीपर्यंत जागा मोकळी ठेवा, शक्यतो एसएसडीवर. हार्ड डिस्कवर क्रम शोधण्याचाच टप्पा रेंगाळतो.