करकर की फटकफटक? चप्पल लाइनीतली कापशी कानानं पारखताना

रबरी स्लिपरला इंग्रजीत फ्लिप-फ्लॉप म्हणतात, ते तिच्या आवाजावरून. पट्टा पावलाचा पुढचा भागच धरतो. टाच उचलली की तळ मागं लोंबतो आणि मग टाचेवर आपटतो, फटक!

ऑनलाइन विक्रीत कोल्हापुरीही कधी कधी फ्लिप-फ्लॉपच्या रांगेत दिसते. हे साफ चूक आहे. कापशी हा कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार. नीट बसलेली कापशी फटकफटक वाजत नाही, ती करकरते. तळाचे चामड्याचे थर चालताना एकमेकांवर घासतात, त्याचा तो आवाज. तो वाढावा म्हणून थरांच्या मध्ये विंचू नावाच्या झाडाचं बी घालायचीही रीत आहे.

म्हणून कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या रांगेत, जोड घेताना दोन्ही पायांत घालून दहा पावलं चाला. फटकफटक ऐकू आली तर पट्टा सैल आहे, तो जोड ठेवून द्या. चामडं वापरानं सैलावतं, त्यामुळं नवी चप्पल पायाला थोडी घट्टच हवी. मग तळाची कड बघा. अस्सल जोडाला चामड्याच्या वादीची शिवण दिसते. कड एकसंध, गुळगुळीत आणि नुसती चिकटवलेली असेल तर विचारून घ्या.

पहिला आठवडा त्रासाचा असतो. अंगठ्याजवळ आणि कानांखाली, म्हणजे बाजूच्या चामडी पाळ्यांखाली, चावते. रात्री पट्ट्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल बोटानं चोळा आणि सुरुवातीला रोज तासभरच घाला. तळाला मात्र तेल पाजू नका, थर मऊ पडून करकर बसते. भिजली तर सावलीत, आडवी वाळवा. उन्हात चामडं आखडतं आणि तडकतं. ओल्या फरशीवर तळ घसरतो. पावसाळ्यात कापशी कपाटातच बरी, तीही कापडी पिशवीत. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.

2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यामुळं जोड बेळगावकडचा निघाला म्हणून नकली ठरत नाही. शिवण आणि चामडं बघा.

शांत ऑफिसात ही करकर लांबूनच ऐकू जाते, तिथं साधा जोड घ्यावा. लग्नकार्याला, फेट्यासोबत, कापशीच हवी.