वाचनालयात कोहा हे पुस्तकांच्या नोंदी-देवघेवीचं सॉफ्टवेअर घेतलं त्याला दोन वर्षं झाली, आता सांगते

परळकडच्या एका जुन्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. तीसेक हजार पुस्तकं, दोन कर्मचारी, एक शिपाईकाका आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ नुसती झुंबड. गिरण्या बंद झाल्यावर अर्धे सभासद डोंबिवली-बदलापूरला गेले पण वर्गणी इथलीच भरतात, ऑफिसातून निघाले की पुस्तक बदलून मग लोकल पकडतात. त्यामुळे माझ्याकडे एका माणसासाठी फार तर पाच मिनिटं असतात, तेवढ्यात त्याच्या हातात पुस्तक पडलं पाहिजे, नाहीतर त्याची सहा बावन्न जाते. तेव्हा खाली जे लिहिलंय ते सगळं या पाच मिनिटांच्या हिशोबाने लिहिलंय, सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात काय छापलंय त्याच्याशी मला घेणं नाही.

आधी एका खाजगी कंपनीचं सॉफ्टवेअर होतं, नाव घेत नाही. त्यांनी सगळ्या नोंदी युनिकोडमध्ये न करता जुन्या फॉन्टमध्ये करून दिल्या होत्या, म्हणजे स्क्रीनवर मराठी दिसायचं पण आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला की पुस्तकाच्या नावाच्या जागी नुसती खिचडी. आणि डेटा बाहेर काढून मागितला तर तीन महिने फोन उचलले नाहीत. शेवटी दाखलनोंद रजिस्टर उघडून आम्ही पुन्हा पहिल्यापासून टायपिंग केलं, हे दुखणं अजून विसरले नाहीये, म्हणून ज्यांचं आत्ता नवीन काही घ्यायचं चाललंय त्यांना पहिलं हेच सांगेन की डेटा युनिकोडमध्येच हवा आणि तो कधीही आपल्याला बाहेर काढता आला पाहिजे, हे लेखी घ्या.

कोहा ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ नावाच्या छोट्या भागातल्या वाचनालयांनी ते करून घेतलं, त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल झेपणारं नव्हतं म्हणून १९९९ मध्ये काम सुरू केलं आणि जानेवारी २००० मध्ये चालू केलं. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. मला हे फार आवडतं की एवढंसं वाचनालय आणि त्यांनी स्वतःसाठी केलेली गोष्ट सगळ्यांना देऊन टाकली. मात्र फुकट म्हणजे सॉफ्टवेअर फुकट, सर्व्हरचं भाडं आणि बसवून देणाऱ्याची फी लागतेच, आणि नोंदी करायचं काम तर कुणीच फुकट करून देत नाही. केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर पण आम्ही बघितलं होतं, सरकारी आणि शाळा-कॉलेजच्या ग्रंथालयांना ते सोयीचं आहे, पण मला वाचकाने घरून मोबाइलवर शोधायचा जो भाग असतो, ओपॅक, तो स्वतःच्या मनासारखा लावायचा होता, म्हणून कोहा.

आता मुद्द्याचं. वाचक पुस्तकाचं नाव घेऊन येतो असं हे सगळं बनवणाऱ्यांना वाटतं. तसं होत नाही. गेल्या आठवड्यात एक काकू आल्या, काळाचौकीच्या, भाजीची पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, आम्हाला सातवीला एक धडा होता बघा, पोस्टमनचा, पावसातनं चिखलातनं पत्र घेऊन जातो तो, ती गोष्ट ज्यात आहे ते पुस्तक द्या." लेखक? माहीत नाही. पुस्तक? तेच तर विचारतेय. मी विचारलं, "काकू, सातवी कुठल्या साली?" त्यांनी बोटांवर हिशोब केला, म्हणाल्या ८४. बालभारतीच्या वेबसाइटवर जुनी पाठ्यपुस्तकं चढवून ठेवलीत, ती मी उघडली, त्या सुमाराचं सातवीचं पुस्तक काढलं, अनुक्रमणिका त्यांच्यापुढे धरली. चष्मा पुसून त्यांनी बोट खाली खाली आणलं आणि "हाच!" म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडल्या की वर्तमानपत्र वाचणारे दोन आजोबा दचकले. धड्याच्या नावाने कोहात शोधलं, कथासंग्रह मिळाला, तिसऱ्या कपाटात होता. चार मिनिटं.

पण हे का झालं ते सांगते. कथेच्या नावाने शोधून संग्रह मिळाला कारण आम्ही संग्रहाच्या नोंदीत आतल्या सगळ्या कथांची नावं घातली होती. मार्क म्हणजे ग्रंथालयांची पुस्तकनोंदीची ठरलेली पद्धत, तिच्या नोंदीत त्यासाठी ५०५ नंबरचं फील्ड असतं, अनुक्रमणिकेसाठी. बहुतेक वाचनालयं ते रिकामं ठेवतात, कारण वेळ लागतो. मी म्हणेन दुसरं काही केलं नाही तरी चालेल, कथासंग्रह, ललित लेखांचे संग्रह, कवितासंग्रह आणि एकांकिका यांचं ५०५ भरा. मराठी वाचकाच्या डोक्यात संग्रहाचं नाव नसतं, त्याच्या डोक्यात ती एक गोष्ट असते, ती एक कविता असते. आम्ही दुपारच्या शांत वेळात रोज दहा संग्रह असं करत गेलो. शिपाईकाका अनुक्रमणिका वाचून दाखवायचे आणि मी टाइप करायची, आता काकांनाच कुठली कथा कशात आहे ते तोंडपाठ आहे.

दुसरी कोहाची भारी गोष्ट म्हणजे अधिकृत नावांची फाइल, ऑथॉरिटी म्हणतात. मराठीत टोपणनावांचा केवढा पसारा आहे बघा, राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज आणि विनोद बाळकराम. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच हे नाटक वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतंच असं नाही, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे हे तर नवीन मुलांना अजिबात नाही. ऑथॉरिटीमध्ये ही सगळी नावं एकमेकांना जोडता येतात. फक्त जोडून भागत नाही, सिस्टिम प्रेफरन्समध्ये ‘इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस’ असं एक बटण आहे, ते चालू करून पुन्हा इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठीची आतली सूची नव्याने तयार करावी लागते. आम्हाला हे आठ महिन्यांनी कळलं. तोपर्यंत मी मनातल्या मनात चिडायची की एवढी नावं भरली आणि शोधताना उपयोग शून्य. आता बाळकराम टाका, गडकरी मिळतात.

मराठी शोधाच्या अडचणी मात्र आहेत आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. कोहात झेब्रा म्हणून शोधयंत्र असतं, त्यात आयसीयू इंडेक्सिंग (युनिकोड समजणारं) चालू नसेल तर देवनागरी नीट शोधलं जात नाही, बसवून देणाऱ्याला हे पहिल्या दिवशी विचारा. मग दऱ्याखोऱ्यांची गंमत. शनिवारी-रविवारी सह्याद्रीत जाणारी पोरं येतात आमच्याकडे, किल्ल्यांची पुस्तकं नेतात, त्यातला एक म्हणाला, "ताई, दऱ्याखोऱ्या टाकलं तर एकही पुस्तक दाखवत नाही." कपाटात तर होती. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. माझा कीबोर्ड एक आणि त्या पोराच्या मोबाइलचा दुसरा. मग सगळा डेटा एका प्रकारात बदलून घेतला आणि कीबोर्ड एकच ठरवला. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका, तिथे मी नोंदीत चुकीचं प्रचलित स्पेलिंगसुद्धा जादाचं नाव म्हणून घालते, शुद्धलेखनाचे आग्रही लोक नाक मुरडतात पण वाचकाला पुस्तक मिळतं. क्रमवारीचंही आहे, मराठीची स्वतंत्र क्रमवारी लावली नसेल तर ज्ञ ज च्या पोटात जातो आणि क्ष क च्या, आणि शब्दकोशाची सवय असलेले आजोबा यादीच्या शेवटी शोधत बसतात.

वयस्कर सभासदांसाठी सगळ्यात कामी आलेली गोष्ट कुठल्याही ग्रंथालयवाल्यांनी बनवलेली नाही, ती म्हणजे फोनच्या कीबोर्डवरचा माइक. मराठीत बोला, ओपॅकच्या चौकटीत शब्द उमटतो. काउंटरजवळ एक टॅब बांधून ठेवलाय, त्यावर आजोबा लेखकाचं नाव बोलतात आणि समोर यादी आली की जे हसतात ते बघण्यासारखं असतं. गूगल लेन्सपण तसंच, कुणी लग्नात पाहिलेल्या पुस्तकाचा फोटो आणतं, कुणी पेपरातल्या परीक्षणाचं कात्रण, छापील देवनागरी ते चांगलं वाचतं, तो मजकूर उचलून थेट शोधात टाकायचा. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीला मात्र अजून आपले डोळेच बरे.

आमच्याकडे नसलेलं पुस्तक शोधायचं तर बुकगंगा या पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानावर मुखपृष्ठ आणि आतली काही पानं बघायला मिळतात, "ते निळ्या कव्हरचं" म्हणणाऱ्या वाचकासाठी हे एकदम उपयोगी, मुखपृष्ठ दाखवलं की ओळखतात. वर्ल्डकॅट जगभरच्या ग्रंथालयांचं आहे, त्यात मराठी खूप आहे पण शोधायची युक्ती लागते. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस गेली कित्येक दशकं इथून मराठी पुस्तकं नेतेय, आणि वर्ल्डकॅटमधल्या तिथल्या नोंदी रोमन लिपीत ठरावीक पद्धतीने असतात. आपण ज्ञानेश्वरी इंग्रजीत लिहिताना डी-एन-वाय-ए ने सुरुवात करतो, त्यांच्या पद्धतीत जे-एन-ए. डी ने शोधलं की एवढीच पुस्तकं आहेत का असं वाटतं, जे ने शोधलं की केवढ्या आवृत्त्या समोर येतात. ही एक गोष्ट कळली तरी वर्ल्डकॅट निम्मं आलं म्हणून समजा. खूप जुन्या पुस्तकांसाठी मी अजूनही शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची काढते, १८०० ते १९३७ पर्यंतची, ती आधी बघायची आणि मग इंटरनेट आर्काइव्हवर जायचं, कारण तिथे स्कॅन पुष्कळ आहेत पण नावं रोमनमध्ये आणि कशीही लिहिलेली, नेमकं नाव आणि साल हातात असल्याशिवाय सापडत नाहीत. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथसंजीवनी हे ऑनलाइन भांडार आहे दुर्मीळ पुस्तकांसाठी, संशोधन करणारे आले की त्यांना मी तिकडे आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे पाठवते. लेखकाचं खरं नाव, जन्मसाल यात घोळ असेल तर मराठी विश्वकोश वेबसाइटवर आहे. नॅशनल डिजिटल लायब्ररी आयआयटी खरगपूरने उभी केलेली, एमपीएससीची मुलं वापरतात, कादंबरी मागणाऱ्यांना मी ती सुचवत नाही.

आणि एआय चॅटबॉट. याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. एक मुलगी आली, एफवायला असेल, फोनवर यादी, ‘मुंबईच्या गिरणगावावरच्या पाच मराठी कादंबऱ्या’, चॅटबॉटने दिलेली. पाचपैकी दोन आमच्याकडे होत्या. उरलेल्या तीन मी कोहात बघितल्या, बुकगंगावर बघितल्या, वर्ल्डकॅटवर रोमन स्पेलिंग बदलून बदलून बघितल्या, दादरला फोन केला. नाहीतच त्या. लेखक खरे, नावं ऐकायला इतकी खरी की मलाच वाटलं आपलं वाचन कमी पडलं. ती बिचारी दोन लायब्रऱ्या फिरून आमच्याकडे आली होती. आता मी चॅटबॉट एवढ्यापुरताच वापरते, वाचकाने सांगितलेल्या गोष्टीवरून शोधायला शब्द कुठले घ्यावेत ते विचारते. पुस्तकाचं नाव त्याने दिलं तर ते कुठल्या तरी कॅटलॉगमध्ये दिसेपर्यंत वाचकाला सांगत नाही. त्या मुलीला मी गिरणगावची आमची विषयवार यादी दिली, कोहात सार्वजनिक याद्या करता येतात, त्यातली. नंतर तिने त्यातली सहा नेली, एकेक करून.

या याद्यांवर मी खूप मेहनत घेतलीय. ‘मोठ्या अक्षरातली’, ‘लोकलमध्ये संपतील अशी’, ‘आठ-दहा वर्षांच्या मुलांना वाचून दाखवायला’. याची लिंक सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते, घरून राखून ठेवायला सांगतात आणि येताना पुस्तक बाजूला काढलेलं असतं. सहा बावन्नवाल्यांसाठी तर हे वरदान आहे.

कोहाला मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कापला तो मराठीसाठी सगळं आपल्यालाच हाताने लावावं लागतं म्हणून. छोट्या, क-ड वर्गातल्या वाचनालयांनी घाबरू नये, दोन-तीन वाचनालयांनी मिळून एकच सर्व्हर घेतला तरी चालतो, त्यात शाखांची सोय आहेच.

एक मोठं भगदाड उरलंय ते दिवाळी अंकांचं. १९०९ च्या मनोरंजनपासून केवढं साहित्य त्यात पडलंय आणि त्यातली गोष्ट आठवणारा वाचक आला की माझ्याकडे आजही हात जोडण्यापलीकडे काही नाही. आमच्या माळ्यावर १९७२ पासूनचे गठ्ठे आहेत. या शनिवारपासून दोन निवृत्त शिक्षिका अनुक्रमणिकांचे फोटो काढायला येणार आहेत, मी लेन्सने मजकूर उचलून ५०५ मध्ये टाकणार. पहिला गठ्ठा काकांनी काल खाली आणून झटकून ठेवलाय.